पहिल्या ओळीवर उजेड नको

मेनू उघडतो तो कर्सरच्या खाली, अक्षराच्या डाव्या कडेला धरून.
आठ ओळी. नववी दिसत नाही, पण आहे,
हे सांगायला उजवीकडे एक बारीक दांडी.
एवढ्यावर आमचं एकमत होऊन तीन आठवडे झाले.
भांडण उरलंय पहिल्या ओळीचं.

राइव्हो म्हणतो, ती आधीच निवडलेली असू दे,
निळ्या पट्टीत, उजळ.
दोन अक्षरं टाइप केली, एन्टर मारला, शब्द हजर.
शितावरून भात, दुसरं काय.
त्याने मोजलंय: माणसामागे दिवसाला
चारशे बारा कळा वाचतात.
कुणाच्या कळा, ते मोजलेलं नाही.

डिसेंबरात तार्तूला साडेतीनलाच अंधार पडतो.
खिडकीत आम्ही दोघं आणि पडदा, तिघंही उलटे.
मी इल्मारबद्दल बोलत नाही.
मीटिंगमध्ये भाऊ आणायचा नसतो.

पण दिसतं मला ते दुकान,
काउंटरमागे लेइदाबाई, ओले हात पुसत,
वाईट नव्हती, उलट मायाळूच,
आणि नऊ वर्षांचा इल्मार, मुठीत नाणं गरम झालेलं.
पि—, म्हणतो. पि— पि—
पीम! ती म्हणते. दूध.
आणि दुधाची पिशवी पुढे सरकते.

त्याला पिरुकास हवा होता. कोबीचा.
काचेमागेच होता तो, वाफेत.
बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.
तो दूध घेऊन आला.
घरी दूध होतं.
आईने विचारलं, हे कशाला,
तर त्याचे ओठ हलायच्या आत
मीच म्हणाले, चुकून आणलं.

त्याच्या तोंडचा घास कुणी काढून घेतला नाही कधी.
सगळ्यांनी भरवलाच.

म्हणून मी लिहून दिलं:
यादी येऊ दे, पण कुठल्याच ओळीवर उजेड नको.
एन्टर म्हणजे नवी ओळ, एवढंच.
हवं असेल तो टॅब दाबेल, बाण दाबेल, खाली उतरेल.
आणि एस्केप म्हणजे एस्केप.
एकदा जा म्हटलं की त्या शब्दापुरतं जायचं,
दाराआडून डोकावत राहायचं नाही.

राइव्हो म्हणाला, वापरून बघू कुणावर तरी.
गुरुवारी मी इल्मारलाच बसवलं,
राइव्होच्या मेनूसमोर.

नदीच्या पाण्याची पातळी मोजायचं काम तो करतो.
बोटं अडखळत नाहीत त्याची. कधीच नाही.
‘पातळी’ लिहिलं, एन्टर मारला,
‘पातळीदोष’ झालं.
खोडलं. लिहिलं. परत दोष.
तिसऱ्यांदा हात उचलले आणि आमच्याकडे वळला,
तोंड उघडं, मान किंचित डावीकडे.

हळू चालतंय का? राइव्हो म्हणाला.
रंग? अक्षर लहान? एन्टर?
इल्मार प्रत्येकाला मान हलवत होता.
माझ्याही जिभेवर चार शब्द रांगेत उभे,
चारही त्याचे म्हणून मीच निवडलेले.
मी दात मिटले.
राइव्होही मग गप्प झाला. का, ते माहीत नाही,
बहुतेक यादी संपली.

पंखा फिरत होता संगणकातला.
मी घड्याळाकडे बघायला नको होतं. बघितलं.
अकरा सेकंद.

भू—, भूक, म्हणाला इल्मार.
भूक लागलीय मला. आधी जेवूया का?

जेवलो. बीटचं सूप होतं, फार खारट.
राइव्होने परत येऊन पट्टी काढून टाकली,
सेटिंगमध्ये एका कोपऱ्यात ठेवली, बंद करून,
ज्याला हवी त्याने शोधावी.
कळांचा आकडा त्यानंतर त्याने काढलेला नाही.

आता भांडण वेगळं आहे:
बोट थांबल्यावर किती वेळाने मेनू यावा.
तो म्हणतो शंभर मिलिसेकंद.
मी म्हणाले अकरा सेकंद, तो हसला,
मीही हसले.
माझ्या संगणकावर अजून अकराच आहे.